बेडकाच्या रक्तातले गिरमिट

यंदाच्या श्रावणातली गोष्ट. आमच्या कॉलेजातले प्राणिशास्त्राचे एक जुने प्राध्यापक निवृत्त व्हायचे होते आणि त्यांची खोली रिकामी करण्याचे काम चालले होते. माझा विषय मराठी. बेडकाशी माझा संबंध मिरगाच्या पावसाच्या कवितांपुरता. पण आमच्या दोघांच्या खोल्या शेजारी-शेजारी आणि चहाची किटली एकच. म्हणून हात लावायला मीही गेलो. कपाटातून पुस्तके निघाली, जर्नलांचे गठ्ठे निघाले आणि सर्वांत खाली, ओलीने बुरसटलेली, खाचाखाचांची एक लाकडी पेटी निघाली. तिच्यात शंभरेक काचपट्ट्या उभ्या लावलेल्या होत्या.

शिपाई म्हणाला, “साहेब, हे रद्दीत टाकू का? आता कोणी पाहून नाही राहिलं ते.”

सरांनी पेटी त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतली. एक पट्टी उजेडासमोर धरली. मला तीवर चहाचा वाळलेला ओघळ असावा तसा एक निळसर-गुलाबी डाग तेवढा दिसला. कोपऱ्यातल्या चिठ्ठीवर बारीक, सुबक अक्षरांत लिहिले होते : राना टायग्रिना, अंबाझरी, ऑगस्ट १९६६.

“हे आमच्या गुरुजींचे अक्षर,” सर म्हणाले. “या, मराठीवाले, तुम्हांला एक पाहुणा दाखवतो. आणि मग त्याला एक मराठी नाव द्या. चाळीस वर्षे शिकवले, पण मला काही ते सापडले नाही.”

सूक्ष्मदर्शक काढला गेला, पट्टीवर तेलाचा थेंब पडला, आणि मी एक डोळा मिटून दुसरा त्या नळीला लावला.

पाहुण्याचे दर्शन

प्रथम दिसली ती लांबट, अंडाकार पेशींची गर्दी. प्रत्येक पेशीच्या मध्यभागी जांभळा ठिपका. ह्या बेडकाच्या तांबड्या पेशी. आपल्या रक्तातील तांबड्या पेशी गोल असतात आणि पिकल्यावर त्यांत केंद्रक उरत नाही; बेडकाच्या पेशीत ते शेवटपर्यंत असते. शिवाय आकारही दांडगा. आपली पेशी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचे सात-आठ भाग रुंद. बेडकाची लांबीला वीस-बावीस. म्हणून तर शिकणाऱ्याने रक्त पाहायला बेडकापासून आरंभ करावा.

आणि त्या गर्दीत एक वेगळेच ध्यान बसले होते. दोन-तीन पेशी गिळून बसावे एवढे ते मोठे. रुंद पोट, दोन्हीकडे निमुळती टोके, अंगावर उभ्या रेघा आणि एका कडेने, साडीला लावावी तशी, चुणीदार झालर. झालरीच्या काठाने एक धागा धावत होता आणि शरीराच्या टोकाबाहेर चाबकासारखा मोकळा सुटला होता.

“हा ट्रिपॅनोसोमा,” सर म्हणाले. “इथे मेलेला आहे, रंगवलेला आहे. जिवंत रक्ताच्या थेंबात पाहिलात तर स्थिर उभा राहायचा नाही. झालर लाटेसारखी हलवतो आणि स्वतःभोवती फिरत-फिरत पेशींना ढकलून वाट काढतो. ग्रीक भाषेत ट्रिपॅनॉन म्हणजे भोक पाडायचे हत्यार आणि सोमा म्हणजे शरीर.”

मी म्हणालो, “सर, चाळीस वर्षे कशाला घालवलीत? सुताराला विचारायचे. हे गिरमिट आहे.”

सर खूप हसले. पण नंतर म्हणाले, “चेष्टा सोडा. नाव ठेवले ते बरोबरच आहे. फक्त ते आधी कुणी आणि कशावरून ठेवले, ते ऐका.”

त्या दिवशी चहा तीनदा झाला. पुढे काही दिवस मी ग्रंथालयात बसून जे वाचले आणि सरांकडून जे समजून घेतले, ते माझ्यासारख्याच, विज्ञानात अडाणी परंतु कुतूहलाला पारख्या नसलेल्या वाचकांसाठी येथे मांडतो आहे.

पॅरिसचा डॉक्टर आणि बेडूक

१८४१ साली स्वित्झर्लंडमध्ये व्हॅलेंटिन नावाच्या शास्त्रज्ञाला ट्राऊट माशाच्या रक्तात असा एक वळवळणारा जीव दिसला होता. पण त्याला आजचे नाव मिळाले ते १८४३ मध्ये, पॅरिसमध्ये, आणि बेडकाच्या रक्तावरून. नाव ठेवणारा डेव्हिड ग्रुबी हा मूळचा हंगेरीचा. गरीब ज्यू कुटुंबातला हा मुलगा शिकून पॅरिसला आला आणि नावाजलेला डॉक्टर झाला. संगीतकार शोपँ आणि कवी हाइने यांच्यासारखी बडी मंडळी त्याच्या रोग्यांत होती. डोक्यातील चाई आणि गजकर्ण हे विकार अंगातील वाईट रसांमुळे नव्हे तर बुरशीमुळे होतात, हे दाखवणाऱ्या पहिल्या काही लोकांत तो होता. हे सांगितले १८४०च्या दशकात. म्हणजे रोग जंतूंमुळे होतात हे पाश्चर आणि कॉख यांनी जगाच्या गळी उतरवण्याच्या कितीतरी आधी.

गंमत अशी, की त्याच १८४३ साली जर्मनीत मायर नावाच्या प्राध्यापकानेही बेडकाच्या रक्तात हाच प्रकार पाहिला आणि त्याला वेगळे नाव दिले. कुळाचे नाव ग्रुबीचे टिकले आणि मायरने दिलेला ‘रोटेटोरिया’ हा शब्द जातीच्या नावात राहिला. ट्रिपॅनोसोमा रोटेटोरियम! एका बेडकाच्या रक्तातल्या जिवाच्या नावात दोन देशांच्या दोन माणसांचा वाटा. फिरणारे गिरमिट, असे त्याचे सरळ मराठी.

पुढची पस्तीस वर्षे या गिरमिटाकडे कुणी फारसे लक्ष दिले नाही. बेडकाच्या रक्तात काहीतरी वळवळते, वळवळेना का! त्याने बेडकाचे बिघडत नाही, आपले तर नाहीच नाही. शहाण्या माणसांनी असा विचार केला असेल तर त्यांना दोष तरी काय द्यावा?

मग सूत्र हिंदुस्थानात आले. १८७८ च्या सुमारास कलकत्त्यात टिमथी लुइस यांना उंदरांच्या रक्तात तसलेच जीव दिसले. १८८० मध्ये वायव्येकडे, डेरा इस्माईल खान येथे, लष्करी घोडे आणि उंट एका खंगवणाऱ्या तापाने मरत होते. तिथले लोक त्याला ‘सर्रा’ म्हणत. आपले पशुवैद्य आजही तोच शब्द वापरतात. ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याने आजारी जनावरांचे रक्त पाहिले आणि त्यात तेच झालरवाले गिरमिट सापडले. ते रक्त निरोगी जनावराला टोचले तर त्यालाही रोग होतो, हेही त्याने दाखवून दिले. हाच रोगाचे कारण आहे, असे त्याने वरिष्ठांना कळवले. वरिष्ठांनी ते मानले नाही. इव्हान्स मात्र शंभरीपर्यंत, १९३५ पर्यंत जगला आणि आपले म्हणणे साऱ्या जगाने मान्य केलेले त्याने पाहिले. त्या जंतूला आज ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी म्हणतात.

त्यानंतर आफ्रिकेत डेव्हिड ब्रूस यांनी गुरांच्या ‘नागाना’ रोगात आणि पुढे १९०३ च्या सुमारास कॅस्टेलानी व ब्रूस यांनी माणसांच्या निद्रारोगात याच कुळातले जंतू दाखवले. त्सेत्से माशी चावते, माणूस झोपाळू होतो, भ्रमिष्ट होतो आणि औषध न मिळाल्यास मरतो. गावेच्या गावे ओस पाडणाऱ्या या रोगाचा जंतू ओळखायला शास्त्रज्ञांना नवे नाव शोधावे लागले नाही. ते साठ वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये, एका बेडकापाशी तयार होऊन बसले होते.

नवी जात ठरवायची म्हणजे

बेडकाच्या रक्तात एकटे गिरमिटच राहत नाही. काही भाडेकरू थेट तांबड्या पेशीच्या आत बिऱ्हाड करतात. केळ्याच्या आकाराचा जीव पेशीत लांबलचक पडलेला असतो आणि बिचारे केंद्रक कोपऱ्यात सरकलेले असते. मूळ मालकाला भाडेकरूने अंगणात काढावे, तसे. १९०३ मध्ये बेरेस्टनेफ या रशियन शास्त्रज्ञाने भारतीय बेडकांच्या रक्तातील असा एक नवा परजीवी जर्मन नियतकालिकात वर्णन केला आणि दोन वर्षांनी कॅस्टेलानी व विली यांनी त्याला त्याचेच नाव दिले.

मी सरांना विचारले, “नवी जात आहे, हे कळते कसे? त्याच्या कपाळावर तर लिहिलेले नसते.”

उत्तर ऐकून मला कामाचा वचक बसला. आधी पातळ थर पसरून रक्ताची पट्टी करायची, वाळवायची, अल्कोहोलने पक्की करायची, रंगवायची. मग पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, शेतकऱ्याने तासामागून तास नांगरावे तशी, तेलाच्या भिंगाखाली ती चाळायची. तासभर पाहून एकही जीव दिसत नाही, असे दिवस पुष्कळ. सापडला तर त्याचे माप घ्यायचे : एकूण लांबी, रुंदी, मोकळ्या चाबकाची लांबी, केंद्रक मागच्या टोकापासून किती अंतरावर आणि कायनेटोप्लास्ट नावाचा जो गडद ठिपका असतो तो किती अंतरावर. एकाचे माप घेऊन भागत नाही. वीस-तीस जीव मोजायचे, सरासरी काढायची. मग जगात आजवर वर्णन झालेल्या जातींशी एकेक करून ताडून पाहायचे. त्यांची वर्णने इंग्रजीत, फ्रेंचमध्ये, जर्मनमध्ये, पोर्तुगीजमध्ये. कुठेच जुळले नाही, तर नवे नाव. ज्या पट्टीवरून वर्णन केले ती नमुन्याची पट्टी जपून ठेवायची, म्हणजे शंभर वर्षांनी कुणाला शंका आली तर मूळ पुरावा पाहता येईल.

एवढे करूनही फसगत होतेच. हे गिरमिट बहुरूपी आहे. एकाच बेडकाच्या रक्तात ते कधी सडपातळ, कधी रुंद, कधी पानासारखे पसरट दिसते. लहानपणीचे आणि मोठेपणीचे रूप वेगळे. त्यामुळे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असे पुष्कळ झाले, की एकाच जीवाच्या चार सोंगांना चार जाती समजून चार नावे दिली गेली. आणि उलट, दिसायला सारखे म्हणून खरोखर वेगळे असलेले जीव एकाच नावाखाली कोंबले गेले.

हे ऐकताना मला आपल्या जुन्या पोथ्यांची आठवण झाली. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखितांत नकलकारांनी इतके पाठभेद करून ठेवले होते, की १५८४ मध्ये नाथमहाराजांना पोथी शुद्ध करायला बसावे लागले. हा नुसता पाठभेद, की हा स्वतंत्र ग्रंथ? हा प्रक्षेप, की मूळची ओवी? आम्ही मराठीवाले ज्या प्रश्नाने डोके खाजवतो, तोच प्रश्न ही मंडळी भिंगाखाली सोडवीत बसलेली. फक्त त्यांची पोथी वळवळते.

अलीकडे त्यांच्या हाती नवे साधन आले आहे. परजीवीच्या गुणसूत्रद्रव्यातला, म्हणजे डीएनएमधला, ठरावीक मजकूर वाचायचा आणि तो इतरांशी अक्षर-अक्षर जुळवायचा. त्यामुळे किती सोंगे एका नटाची आणि किती नट वेगळे, याचा निवाडा करता येतो. पण मजकूर वाचायलाही आधी कुणीतरी तो जीव पाहावा लागतो, आणि वर्णन नीट लिहून ठेवावे लागते. माप घेणाऱ्याची सुट्टी अजून झालेली नाही.

जळू, डास आणि बेडकाचे गाणे

हे भाडेकरू एका बेडकातून दुसऱ्यात जातात तरी कसे? ही हकीकत एखाद्या नाटकाच्या तोंडात मारील. पाण्यातल्या बेडकांत दळणवळणाचे काम मुख्यतः जळू करते. बेडकाचे रक्त पिताना परजीवी तिच्या पोटात जातात, तिथे वाढतात, आणि ती दुसऱ्या बेडकाला लागली की तिथे उतरतात. पहिल्या महायुद्धाच्या अगोदर जर्मनीत नोलर यांनी हे उलगडले.

पेशीत राहणाऱ्या एका भाडेकरूची तऱ्हा याहून नवलाची. कॅनडातील संशोधकांनी १९९५ मध्ये तिचा छडा लावला. बेडकांवरच जगणारा एक डास बेडकाला चावतो आणि परजीवी उचलतो. त्या डासाच्या अंगात परजीवी वाढतो. पुढे तोच डास बेडकाच्या जिभेच्या टप्प्यात आला की बेडूक त्याला गिळतो, आणि भाडेकरू परत घरी! चावणाऱ्याला खाल्ल्याचा आनंद बेडकाला होत असेल. पण खरा प्रवास तिसऱ्याचाच झालेला असतो.

आणि काही बारीक माश्या अशा आहेत, की त्या बेडकाचा आवाज ऐकून येतात. पावसाळ्यात नर बेडूक मादीला बोलावण्यासाठी गळा फुगवून ओरडतो. ते निमंत्रण माशीही ऐकते. ती येते, रक्त पिते आणि सोबत गिरमिटे नेते-आणते. गाणाऱ्याला गाण्याची किंमत मोजावी लागते, हे साहित्याच्या इतिहासात मी वाचले होते. प्राणिशास्त्रातही तोच नियम असेल असे वाटले नव्हते.

याचा उपयोग काय?

घरी जेवताना मी हे सारे मोठ्या उत्साहाने सांगितले. आईने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “बेडकाला त्याने काही होते का?”

“बहुधा विशेष काही नाही,” मी म्हणालो.

“आणि माणसाला?”

“बेडकाच्यापासून? काहीच नाही.”

“मग एवढे मोजून करायचे काय?”

प्रश्न रास्त होता. दुसऱ्या दिवशी मी तो तसाच सरांपुढे ठेवला. ते म्हणाले, “आईंना मेडिकलची गोष्ट सांगा. ती तर आपल्या नागपूरचीच आहे.”

ती गोष्ट अशी. २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याला ताप येऊ लागला. ताप यायचा, उतरायचा, पुन्हा यायचा. असे महिने लोटले. विदर्भात तापाच्या रोग्याचे रक्त मलेरियासाठी तपासणे हा नेम. या शेतकऱ्याच्या रक्तात मात्र मलेरियाचे नव्हे, तर पेशींना ढकलीत फिरणारे, झालरवाले गिरमिट दिसले. आणि एखाददुसरे नव्हे, भरपूर.

आता, भारतात निद्रारोग नाही, कारण निद्रारोग पसरवणारी त्सेत्से माशीच भारतात नाही. अशा देशात माणसाच्या रक्तात हे पाहून कोणीही ‘पट्टी खराब झाली असेल’ म्हणून ती बाजूला सारली असती तर नवल नव्हते. नागपूरच्या डॉक्टरांनी ती सारली नाही. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. पी. पी. जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेशी संपर्क साधला. आकारावरून कुळ ठरले, रक्तातील प्रतिद्रव्यांच्या आणि डीएनएच्या तपासणीवरून जात ठरली : ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी. म्हणजे इव्हान्सने १८८० मध्ये उंट-घोड्यांत पाहिलेला, आपल्या गुरांना होणाऱ्या सर्राचाच जंतू! माणसाला तो होत नाही, अशी सव्वाशे वर्षांची समजूत होती. इव्हान्सीची बाधा नि:संशय सिद्ध झालेला हा जगातला पहिला माणूस ठरला. २००५ मध्ये हा वृत्तान्त अमेरिकेतल्या उष्णकटिबंधीय रोगांच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

औषध होते, पण भारतात नव्हते. सुरामिन हे पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत तयार झालेले, आफ्रिकेतल्या निद्रारोगावरचे जुने औषध. जागतिक आरोग्य संघटनेमार्फत ते आले. रक्तातली गिरमिटे नाहीशी झाली. शेतकरी बरा झाला.

गोष्ट इथे संपली असती तरी गोड होती. पण खरी मौज पुढे आहे. याच एका माणसाला का? गुरांच्या सहवासात तर विदर्भातला प्रत्येक शेतकरी असतो, आणि हा जंतू एका जनावरातून दुसऱ्यात नेणाऱ्या गोमाश्या माणूस आणि बैल असा भेद थोड्याच करतात? त्या शेतकऱ्याच्या गावातल्या १,८०६ लोकांची तपासणी झाली. त्यांपैकी ४१० जणांची, म्हणजे सुमारे २३ टक्क्यांची, पहिली चाचणी या जंतूशी गाठ पडली असावी असे सांगत होती. पण जिवंत जंतू एकाच्याही रक्तात सापडला नाही. जंतू दारापर्यंत येत असावा, पण घरात शिरू शकत नव्हता.

याचे कारण ब्रसेल्सच्या शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवले. माणसाच्या रक्तात एक प्रथिन असते. त्याला थोडक्यात ‘अपोएल-एक’ म्हणतात. ते चरबीच्या सूक्ष्म कणांवर स्वार होऊन रक्तात हिंडते. ट्रिपॅनोसोमा त्या कणाला अन्न समजून गिळतो, आणि आत गेलेले प्रथिन त्याच्या आवरणाला भोके पाडते. जंतू फुगतो आणि फुटतो. म्हणजे गिरमिटाला भेटणारे गिरमिट आपल्या रक्तातच आहे! आपण घेतलेल्या कुठल्याही औषधाशिवाय, आपल्या नकळत, ते जन्मभर पहारा करते. चंद्रपूरच्या त्या शेतकऱ्याला आईकडून आणि वडिलांकडून मिळालेल्या या प्रथिनाच्या दोन्ही आज्ञा सदोष होत्या. त्याच्या रक्तात हा पहारेकरीच नव्हता. प्रयोगशाळेत त्याच्या रक्तद्रवात ते प्रथिन बाहेरून घातले, तेव्हा जंतू मरू लागले.

तरी पहारा अभेद्य आहे असे समजून निश्चिंत राहण्यात अर्थ नाही. २०१५ मध्ये व्हिएतनाममध्ये एका बाईला हाच रोग झाला, आणि तिचे प्रथिन शाबूत होते. निसर्ग आपल्याला उत्तरपत्रिका कधीच पूर्ण दाखवत नाही.

आईला हे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे त्या पॅरिसच्या डॉक्टरने बेडूक पाहिला नसता तर…”

तर दुसऱ्या कुणीतरी कधीतरी पाहिला असता, हे खरे. पण ओळख ही अशी साखळी आहे. बेडकात नाव मिळाले, उंदरात ते ताडले गेले, घोड्यात रोगाचे कारण समजले, आफ्रिकेत माणसात दिसले, आणि नागपुरात भिंगावर वाकलेल्या कुणाला तरी ते पाहताच ओळखू आले. सुरुवातीच्या कड्या त्या-त्या काळी फारशा कुणाला उपयोगाच्या वाटल्या नव्हत्या.

पेटीचे काय झाले

नागपूरला ही परंपरा नवी नाही. गेल्या शतकातल्या विशी-तिशीत येथील सायन्स कॉलेजातून एम. ए. मोघे पक्ष्यांच्या आतड्यांतील पट्टकृमींच्या नव्या जाती शोधून त्यांची वर्णने परदेशी नियतकालिकांत छापीत होते. तेव्हा ना मोठे अनुदान होते, ना गाजावाजा. आज वर्णन करणारे हात कमी झाले आहेत. बेडूकही पूर्वीसारखे सुलभ नाहीत. तंगड्यांच्या निर्यातीसाठी त्यांची एवढी लूट झाली, की १९८७ मध्ये सरकारला ती बंद करावी लागली. कॉलेजातले बेडकांचे विच्छेदनही थांबले, आणि ते चांगलेच झाले. बेडकाचे जुने नावसुद्धा उरले नाही. पुस्तकातला राना टायग्रिना आता हॉप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस झाला आहे. पण त्यामुळेच त्या पेटीची किंमत वाढली आहे. १९६६ च्या पावसाळ्यात अंबाझरीच्या बेडकाच्या रक्तात काय नांदत होते, हे आता दुसरे कोणीही सांगू शकणार नाही. वाळलेल्या, रंगवलेल्या जुन्या पट्टीवरूनही डीएनए मिळवता येतो. त्या शंभर पट्ट्यांत एखादी जात अशी असेल, की जिला अजून नावच मिळालेले नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीच्या टोकावरून मारबतीची मिरवणूक गेली. रोगराईला गावाबाहेर जा म्हणून सांगणारी तीच जुनी आरोळी. आदल्या दिवशी शिंगे रंगवून, झुली घालून मिरवलेले बैल माझ्या डोळ्यांसमोर आले; त्यांच्या रक्तात कधीतरी फिरणारी गिरमिटेही आली. आपले पूर्वज रोगाला आकार देऊन, त्याला नाव देऊन मग बाहेर काढीत. ज्याला नाव नाही त्याला हाकलायचे तरी कसे? भिंगापाशी बसलेली माणसे दुसरे काय करतात?

पेटी रद्दीत गेली नाही, एवढे सांगायला हवे. सरांच्या निरोपसमारंभाला त्यांची एक जुनी विद्यार्थिनी आली होती. ती स्वतः आता अध्यापन करते. समारंभानंतर ती त्या रिकाम्या खोलीत गेली, पेटी उघडून चिठ्ठ्या वाचू लागली आणि हार-तुरे सांभाळीत उभ्या असलेल्या सरांना म्हणाली, “सर, ही मी नेऊ?”

सरांनी होकार दिला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “हिला तुमचा तो शब्द सांगा.”

मी सांगितला. तिने पर्समधून पेन काढले आणि पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, गुरुजींच्या जुन्या इंग्रजी अक्षरांखाली, मराठीत लिहिले : गिरमिट.

बाहेर पाऊस सुरू झाला होता. कॉलेजमागच्या डबक्यात बेडूक ओरडत होते.